फुकट काम करणाऱ्यालाही सुट्टी लागते



आधी निरोप, मग विषय. पुढचे तीन गुरुवार चॅनलवर नवीन व्हिडिओ येणार नाही. मी आजारी नाही, कुणाशी भांडणही झालेलं नाही. फक्त थांबतोय. उद्यम नोंदणीचा व्हिडिओ आहे, मालाचा भाव कसा ठरवायचा तो आहे, उधारी कशी वसूल करायची तो आहे. तोपर्यंत ते बघा.

हे लिहिताना थोडं ओशाळल्यासारखं होतंय. कारण याच चॅनलवर मी एकदा छातीठोकपणे सांगितलं होतं की, "धंदा करणाऱ्याला सुट्टी नसते." लोकांना ते आवडलं होतं, काहींनी स्टेटसलाही ठेवलं होतं. ते वाक्य मी आज मागे घेतोय. का घेतोय ते आपल्या बॅचमधल्या एका पोरामुळे कळलं, म्हणून त्याचीच गोष्ट सांगतो. नाव आणि गाव सांगत नाही.

त्याचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बॅनर, व्हिजिटिंग कार्ड, ऑनलाइन फॉर्म भरणं. पोरगा हुशार, स्वतःच्या बळावर कोडिंग शिकलेला. तीन वर्षांपूर्वी त्यानं आपल्या मंडळासाठी एक छोटं अॅप केलं. वर्गणी घेतली की मोबाइलवरच पावती तयार होते, देणाऱ्याच्या व्हॉट्सअॅपवर जाते, आणि शेवटी जमाखर्च आपोआप निघतो. पावती पुस्तकाची भानगड नाही, पुस्तक हरवलं म्हणून भांडण नाही. मंडळातली पोरं खूश. शेजारच्या मंडळानं मागितलं, दिलं. मग तालुक्यातल्या मंडळांनी मागितलं. पैसे कसले घ्यायचे, बाप्पाचं काम!

दुसऱ्या वर्षी फोन सुरू झाले. "भावा, पावती निघत नाहीये." "भावा, जरा आमच्या मंडळाचा लोगो टाक ना." "भावा, कालच सांगितलं होतं, अजून झालं नाही?" रात्री साडेअकराला फोन, विसर्जनाच्या मिरवणुकीत फोन. इकडे दुकानात लग्नपत्रिकांचं काम पडून. एक दिवस वडिलांनी विचारलं, "अरे, तू दुकान नक्की कुणाचं चालवतोयस?"

गेल्या विसर्जनानंतर तो माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, आता आरती ऐकू आली तरी मला फोन आठवतो." हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. ज्या गोष्टीच्या प्रेमापोटी त्यानं काम सुरू केलं, त्याच गोष्टीचा त्याला त्रास व्हायला लागला होता.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली बर्नआउटची व्याख्या केली, तिचा गाभा हाच आहे. तो आजार नाही, पण कामाच्या ठिकाणचा ताण बराच काळ नीट हाताळला गेला नाही की जी अवस्था होते ती. अंगातली ताकद संपते, कामाबद्दल मनात कडवटपणा येतो, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटायला लागतं. पोराला तिन्ही होतं. त्याला मात्र वाटत होतं की आपण आळशी झालोय.

पण तो फक्त रडगाणं गायला आला नव्हता, सल्ला विचारायला आला होता. कुणीतरी एक माणूस ऑनलाइन भेटला होता. अॅपचं कौतुक करत होता, दोन चुका स्वतःहून दुरुस्त करून पाठवल्या होत्या आणि म्हणत होता की सगळंच माझ्याकडे दे, मी सांभाळतो. सगळं म्हणजे सर्व्हरचा पासवर्ड, गुगल खातं आणि वर्गणी देणाऱ्या हजारो लोकांची नावं आणि मोबाइल नंबर. पोरगा म्हणाला, "सर, देऊन टाकतो. सुटतो एकदाचा."

तेव्हा मी त्याला लासे कॉलिनची गोष्ट सांगितली. ती तुम्हीही ऐका, कारण तिचा तुमच्या धंद्याशी तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जवळचा संबंध आहे.

लासे कॉलिन हा फिनलंडचा प्रोग्रामर. 'एक्सझेड' नावाचं सॉफ्टवेअर त्यानं बरीच वर्षं जवळजवळ एकट्यानं सांभाळलं. काम साधं, मोठ्या फाइली दाबून लहान करायच्या, गादी गुंडाळून पिशवीत बसवतात तशा. पण हे सॉफ्टवेअर जगातल्या असंख्य लिनक्स यंत्रांवर असतं. तुमच्या दुकानाची वेबसाइट ज्या सर्व्हरवर आहे, तो बहुधा लिनक्सवर चालतो, म्हणजे तिथेही ते असण्याची शक्यता दांडगी. मोठमोठ्या कंपन्या ते वापरतात. कॉलिन मात्र हे काम बिनपगारी करायचा, फावल्या वेळात.

२०२२ साली काही लोक त्याच्या मागे लागले. काम हळू चाललंय, नवीन आवृत्ती कधी येणार, जमत नसेल तर दुसऱ्याकडे दे, असा सूर. कॉलिननं त्या वर्षी जूनमध्ये जाहीरपणे आणि शांतपणे लिहिलं की माझा रस संपलेला नाही, पण मानसिक आरोग्याच्या जुन्या त्रासामुळे फारसं झेपत नाही, आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे हेही लक्षात घ्या. इतकं प्रामाणिक उत्तर आपल्यातल्या किती जणांनी गिऱ्हाइकाला दिलंय? त्यावरही एकानं ऐकवलं की तुझ्या त्रासाचं वाईट वाटतं, पण लोकांना यापेक्षा जास्त हवंय.

याच काळात 'जिया टॅन' नावाचा एक मदतनीस तिथे होता. नम्र, मेहनती. चुका दुरुस्त करायचा, उत्तरं द्यायचा. हळूहळू विश्वास बसला, अधिकार मिळाले, आणि नव्या आवृत्त्या काढण्याचं काम त्याच्याकडे गेलं. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये त्यानं काढलेल्या दोन आवृत्त्यांत एक चोरदरवाजा लपवलेला होता. तो सगळीकडे पसरला असता तर जगभरातल्या सर्व्हरांत त्याला परवानगीशिवाय शिरता आलं असतं.

पकडलं कुणी? मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरनं. त्याला दिसलं की दूरच्या यंत्रावर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसऱ्या कुणी 'नेट स्लो असेल' म्हणून सोडून दिलं असतं. हा खोदत गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्यानं सगळं जगापुढे मांडलं. बहुतेक सर्व्हरांवर जाणाऱ्या पक्क्या आवृत्त्यांपर्यंत ते पोहोचायच्या आतच सापडलं. जिया टॅन खरा कोण, हे अजून समोर आलेलं नाही. आणि जे लोक कॉलिनच्या मागे लागले होते, तेही बहुधा त्याच कटातली खोटी नावं असावीत, असं या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्या अनेकांचं मत आहे.

आता यातला सगळ्यात बोचणारा भाग. ही बातमी फुटली तेव्हा कॉलिन सुट्टीवर होता. सहज मेल उघडून बघितला तर हा गोंधळ!

काही जण म्हणाले, बघा, सुट्टी घेतली की असं होतं. मला अगदी उलटं वाटतं. घोटाळ्याचं मूळ त्या सुट्टीत नव्हतं, ते दोन वर्षं आधीच्या दमलेपणात होतं. माणूस थकला, आणि थकलेल्या माणसाकडून किल्ली मागणं सोपं असतं. त्याच्यावर विश्वास टाकण्याचा दोष मी ठेवत नाही. मदतीला दुसरं कुणी आलंच नव्हतं, तर तो निवडणार कुणातून? त्याचं काम फुकट वापरणाऱ्या कंपन्यांपैकी कुणी दोन माणसं पाठवली असती, तर जिया टॅनला तिथे जागाच मिळाली नसती. (कॉलिन पळून गेला नाही, हेही सांगायला हवं. त्यानंच परत बसून साफसफाई केली आणि मे २०२४ मध्ये स्वच्छ आवृत्ती काढली.)

आणि असं पहिल्यांदा झालेलं नाही. २०१८ साली डॉमिनिक टार या प्रोग्रामरचं 'इव्हेंट-स्ट्रीम' नावाचं सॉफ्टवेअर होतं. तो स्वतः ते वापरतही नव्हता, कंटाळला होता. एका अनोळखी माणसानं मेल करून सांभाळायला मागितलं, त्यानं देऊन टाकलं. त्या माणसानं त्यात एका बिटकॉइन वॉलेटमधले पैसे चोरणारा कोड घुसवला. देताना टारच्या मनात काय असेल? आपल्या पोराच्या मनात होतं तेच, सुटलो एकदाचा.

त्याच वर्षी दुसऱ्या एका माणसानं वेगळ्या पद्धतीनं काम सोडलं. पायथन ही भाषा बनवणारा गिडो व्हान रॉसम. एका छोट्या बदलावरून एवढी वादावादी झाली की तो वैतागला. जुलै २०१८ मध्ये त्यानं लिहून टाकलं की शेवटचा शब्द माझा, ही जागा मी सोडतोय. पण वारस नेमला नाही आणि किल्ल्या पहिल्या दिसेल त्याच्या हातात दिल्या नाहीत. तुम्हीच ठरवा म्हणाला. सहकाऱ्यांनी काही महिने चर्चा केली, मतदान केलं आणि पाच जणांची समिती निवडली. गंमत म्हणजे पहिल्या समितीत तो स्वतःही निवडून आला, पाचातला एक म्हणून. गिडोकडे जाणती माणसं होती, कॉलिनकडे नव्हती, हा फरक मोठा आहे. तरी त्याची एक गोष्ट आपण उचलू शकतो. काम सोडणं आणि काम कुणाच्या हाती द्यायचं, हे दोन निर्णय त्यानं एकाच दमात घेतले नाहीत.

हे सगळं ऐकून माझे काही धंदेवाले मित्र एकच उपाय सांगतात, "पैसे लाव, गर्दी कमी होईल." मीही एरवी हेच सांगतो. आणि दर मंडळामागे थोडे पैसे घेतले असते तर निम्मे फोन बंद झाले असते, हे खरंच आहे. पण ही गोष्ट पैशावर संपत नाही. पैसे घेणारे खानावळवाले, गॅरेजवाले, शिलाईवालीसुद्धा असेच पिचतात. फुकट कामात एक जास्तीची अडचण असते, ती म्हणजे काहीच ठरलेलं नसतं. किती तास, किती दिवस, काय करणार, काय नाही करणार. न ठरवल्यामुळे 'नाही' म्हणायला तोंड उघडत नाही. दुकान आठ वाजता बंद होतं हे गिऱ्हाइकाला पाटीवर दिसतं. पोराच्या अॅपला पाटीच नव्हती.

मग आम्ही दोघांनी बसून पाटी लिहिली. सगळ्या मंडळांना एकच मेसेज गेला. अॅप आहे तसं चालू राहील. अक्षय्य तृतीयेपर्यंत नवीन मंडळ घेणार नाही, नवीन सोय होणार नाही, फोन घेणार नाही. ज्याला आपला हिशोब काढून घ्यायचा आहे त्यानं अमुक बटण दाबावं. सर्व्हरचे आणि खात्याचे पासवर्ड बदलले, एका कागदावर लिहून पाकिटात घातले आणि पाकीट घरच्या कपाटात ठेवलं. मदत करायला आलेल्या त्या माणसाला कळवलं की कोड बघायला देतो, दुरुस्त्या पाठव, मी सवडीनं तपासून घेईन, पण पासवर्ड आणि नंबर मिळणार नाहीत. त्याचा परत मेसेज आला नाही. तो चोर होता असं मी म्हणत नाही. कदाचित चांगलाही असेल. पण माणूस ओळखायला वेळ लागतो आणि तेव्हा पोराकडे तोच नव्हता.

प्रतिक्रिया काय आल्या? एकानं ऐकवलं, "एवढ्याशा कामासाठी भाव खातोय." दोन मंडळं परत पावती पुस्तकावर गेली. बाकीच्यांनी अंगठा दाखवला आणि विषय संपला. पोराला वाटत होतं की गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तसं काही झालं नाही. पहिले पंधरा दिवस मात्र त्याला चैन पडत नव्हतं, फोन वाजला नाही तरी तो उचलून बघायचा. मग हळूहळू सुटलं. दिवाळीनंतरच्या लग्नसराईत कितीतरी दिवसांनी त्याच्या पत्रिका वेळेवर गेल्या.

आता माझ्याबद्दल. गेले काही महिने तुमच्यापैकी कुणाचाही प्रश्न आला की उत्तराआधी माझ्या मनात चीड यायची. प्रश्न साधाच असायचा, जीएसटी नंबर लागतो का, बिल कसं करायचं. एका ताईंना मी नको तितकं तोडून बोललो. त्यांची माफी मागितली आहे. त्या आठवड्यात पोराचा मेसेज परत काढून वाचला आणि त्यातल्या ओळी थोड्या बदलून स्वतःसाठी लिहिल्या. बॅचचे पैसे भरलेल्यांचे शनिवारचे तास ठरल्याप्रमाणे होतील, त्यात बदल नाही. फुकट सल्ल्याचा व्हॉट्सअॅप ग्रुप तीन आठवडे बंद. त्यानंतर फक्त मंगळवारी संध्याकाळी सात ते आठ.

पोराला परवा भेटलो होतो. अक्षय्य तृतीयेला त्यानं दुकानात नवीन कलर प्रिंटर घेतला, पेढे दिले. अॅपचं विचारलं तर म्हणाला, "सर, अजून ठरलं नाही. मंडळातली दोन पोरं शिकायला येतायत रविवारी. बघू."

तीन आठवड्यांनी, नेहमीच्या वेळेला भेटू.