समाधानी रुग्णाची जाहिरात

लठ्ठपणावर शस्त्रक्रिया करणाऱ्या खाजगी रुग्णालयांना टक्केवारीची भारी हौस. अमुक टक्के रुग्ण समाधानी, तमुक टक्के पुन्हा हाच निर्णय घेतील! शेजारी ‘आधी’ व ‘नंतर’ची छायाचित्रे. हे समाधान कोणाला विचारले, केव्हा विचारले, याचा मात्र पत्ता नसतो.

शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे, असे मुळीच नव्हे. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार आणि न झालेल्या तितक्याच लठ्ठ रुग्णांचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्यात आला. अन्य घटकांचा हिशेब करूनही पहिल्या गटातील मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी कमी आढळला. परंतु त्याच अभ्यासाने दुसरीही गोष्ट दाखविली. रुग्णाच्या जीवनमानातील सुधारणा पहिल्या वर्षी शिखर गाठते. पुढे वजन थोडेथोडे परतू लागते, तशी ती सहाव्या वर्षापर्यंत उतरत जाऊन मग स्थिरावते. रुग्ण पूर्वीपेक्षा बरा असतो, पण जाहिरातीतला तो राहिलेला नसतो. पहिल्याच वर्षी प्रश्न विचारणारा मुहूर्त अचूक साधतो! आणि ज्यांनी तपासणीला येणेच सोडले, ते टक्केवारीत येतच नाहीत.

भांडवलदारी अर्थशास्त्राच्या लेखी ग्राहक समाधानी झाला की चर्चा संपली. पण जठर कापून घेतलेला माणूस माल परत करू शकत नाही. जीवनसत्त्वे, लोह, रक्ततपासण्या हा खर्च जन्मभर त्याच्यामागे लागतो. ज्याने त्यासाठी कर्ज काढले, तो स्वतःचा निर्णय फसला असे कोणत्या तोंडाने सांगणार? शिवाय लठ्ठ माणसाला समाजाने आयुष्यभर खादाड म्हणून हिणवलेले असते. वजन परतले की तो रुग्णालयाला नव्हे, स्वतःलाच दोष देतो आणि ‘समाधानी’ या रकान्यात निमूटपणे खूण करतो.

अमेरिकेतील जठरपट्ट्याची कथा या संदर्भात मोठी उद्बोधक आहे. जठराभोवती आवळायच्या या पट्ट्याला तेथे २००१ साली मान्यता मिळाली. २०११च्या प्रारंभी तुलनेने कमी लठ्ठ माणसांनाही तो बसविण्याची मुभा उत्पादक कंपनीने मिळविली. त्याच डिसेंबरात जाहिरातींत धोके दडविल्याबद्दल कॅलिफोर्नियातील केंद्रांवर सरकारी इशारापत्रे बजावली गेली. २०१३ साली कंपनीने हा धंदाच विकून टाकला. पुढे कित्येकांचे पट्टे पुन्हा शस्त्रक्रिया करून काढावे लागले. नफा वेळेवर बाहेर पडला. पट्टा पोटातच राहिला.

हा श्रीमंतांचा रोग आहे म्हणून समाजवादी कार्यकर्त्यांनी प्रश्न झटकू नये. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील शहरी स्त्रियांपैकी ३३ टक्के आणि ग्रामीण स्त्रियांपैकीही सुमारे २० टक्के अतिवजनाच्या आढळल्या. वडापाव आणि गोड चहावर दिवस काढणाऱ्या कष्टकरी स्त्रीला ‘जीवनशैली बदला’ असे सांगणे ही क्रूर थट्टा होय. विमा नियामकाने २०१९ साली या शस्त्रक्रियेला संरक्षण देण्याच्या अटी ठरविल्या खऱ्या, पण त्या सगळ्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या! त्यानंतरच्या वीस वर्षांचे काय?

स्वीडनने २००७ पासून या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली आहे. येथेही प्रत्येक रुग्णालयावर अशा नोंदीची कायदेशीर सक्ती हवी. रुग्णाला पहिल्या, पाचव्या आणि दहाव्या वर्षी प्रश्न विचारले जावेत, ते रुग्णालयाने नव्हे तर सार्वजनिक यंत्रणेने विचारावेत. जे सापडले नाहीत त्यांचीही संख्या छापावी. आणि जन्मभराची रक्ततपासणी व औषधे महापालिका व जिल्हा रुग्णालयांतून मोफत मिळावीत, ही मागणी येत्या अर्थसंकल्पापूर्वीच रेटली पाहिजे.