कोरम

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. सोसायटीत ३१२ फ्लॅट. कोरमला लागतात फक्त २० माणसं. सकाळी दहाला हजर अकरा. त्यात चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि 'आज पार्किंगचा विषय आहे का हो?' एवढंच विचारायला आलेले एक काका. नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब झाली आणि साडेदहाला त्याच अकरा जणांत पुन्हा सुरू झाली. गच्चीवर सोलर बसवायचा विषय सलग तिसऱ्या वर्षी पुढे ढकलला गेला, कारण एवढ्या खर्चाचा निर्णय अकरा जणांनी कसा घ्यायचा?

हे सगळं मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. मी झोपलो होतो. :)

त्याच संध्याकाळी टपरीवर अभ्या भेटला. अभ्या म्हणजे आमच्या ग्रुपचा अर्थतज्ज्ञ. विषय निघाला खेड्यांचा. अभ्याचं मत ठरलेलं: "खेडी मरणारच. मार्केटने निकाल दिलाय. उगाच सलाइन लावून जगवायची कशाला?" मी म्हटलं, थांब, तुला ग्रीन्सबर्ग सांगतो. दहा मिनिटं सांगितलं. त्याने चहा संपवला आणि विचारलं, "लोकसंख्या किती?"

"७४०."

"अरे, आपल्या एका टॉवरमध्ये याच्यापेक्षा जास्त लोक राहतात!"

बरोबर आहे. म्हणूनच हा लेख लिहितोय.

आधी गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी ऑनसाइट होतो, अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात. विचिटामध्ये वीकएंडला काय करायचं हा गहन प्रश्न असतो. एका शनिवारी गाडी काढली आणि पश्चिमेला निघालो. प्रेअरी म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. एकेकाळी नुसतं गवत असलेलं, आता गव्हाचं, टेबलासारखं सपाट मैदान. पुढचं गाव येण्याआधी कितीतरी लांबून त्याचं धान्याचं उंच कोठार दिसतं. कोठार दिसतं, जवळ जावं तर मेन स्ट्रीटवरची निम्मी दुकानं बंद. अशी गावं ओळीने लागतात. कारण साधं आहे. पूर्वी १६० एकरांवर एक कुटुंब राबायचं. यंत्रं आली, शेतं मोठी झाली, कुटुंबं कमी झाली. कुटुंबं कमी झाली की शाळेत मुलं कमी, मग शाळा बंद, मग किराणा दुकान, मग डॉक्टर. कोणी व्हिलन नाही, पण गाव जातं.

ग्रीन्सबर्ग हे त्यातलंच एक. १८८०च्या दशकात वसलेलं. गावाची शान म्हणजे हाताने खणलेली विहीर, १०९ फूट खोल आणि ३२ फूट रुंद. २००० सालच्या जनगणनेत गावात १,५७४ लोक होते आणि आकडा दशकानुदशकं खालीच चालला होता. थोडक्यात, अभ्याच्या मार्केटने निकाल दिलेला होता, फक्त अंमलबजावणी बाकी होती.

४ मे २००७ला रात्री पावणेदहाच्या सुमारास टोर्नेडो आला. रुंदी सुमारे पावणेतीन किलोमीटर, म्हणजे गावापेक्षा मोठा. ९५ टक्के गाव सपाट झालं. भोंगे आधी वाजले होते, बहुतेक लोक तळघरात उतरले होते, तरी अकरा जणांचा जीव गेला. शाळा, इस्पितळ, कचेऱ्या, चर्च, सगळं गेलं.

आता इथे शहाण्या माणसाने काय करावं? विम्याचे पैसे घ्यावेत आणि विचिटाला फ्लॅट बघावा. कित्येकांनी तेच केलं आणि त्यात काही चूक नाही. पण जे राहिले त्यांनी मोठा तंबू ठोकला आणि सभा घ्यायला सुरुवात केली. घर नाही, स्वयंपाकघर नाही, राहायला सरकारने दिलेले ट्रेलर, आणि तरी शेकडो माणसं त्या तंबूत येऊन बसायची. विषय एकच: गाव परत बांधायचं का, आणि बांधायचं तर कसं?

पुढचं बहुतेकांना डॉक्युमेंटरीसारखं माहीत असतं. डिसेंबर २००७मध्ये नगर परिषदेने ठराव केला की ४,००० चौरस फुटांपेक्षा मोठी प्रत्येक सार्वजनिक इमारत 'लीड प्लॅटिनम' दर्जाची होईल, म्हणजे हरित इमारतींच्या मानांकनातला सर्वांत वरचा दर्जा. असा ठराव करणारं हे अमेरिकेतलं पहिलं शहर. नवी शाळा झाली, इस्पितळ झालं, सगळे रस्त्यावरचे दिवे एलईडी झाले. २०१०मध्ये गावाबाहेर दहा पवनचक्क्या उभ्या राहिल्या, प्रत्येकी १.२५ मेगावॅटच्या. आणि मंडळी, त्या कोणाच्या? सुझलॉनच्या! आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या. घरी येऊन वाचताना हे कळलं तेव्हा उगाच कॉलर ताठ झाली.

आता अभ्याचे आक्षेप घेऊ. हे आक्षेप फक्त अभ्याचे नाहीत, तुमच्या-माझ्या डोक्यातलेच आहेत.

आक्षेप एक: "सरकारचा आणि विम्याचा पैसा आला, मग कोणीही बांधेल."

पैसा आला हे खरं. तो नसता तर ठराव कागदावरच राहिला असता. पण आपत्तीनंतर पैसा पुष्कळ ठिकाणी येतो. जुनीच इमारत जुन्याच जागी जरा वाईट दर्जाची बांधून तो संपतोही. ४,००० चौरस फुटांची अट वॉशिंग्टनने घातली नव्हती, गावाने स्वतःवर घालून घेतली. वाचनालय, संग्रहालय, माध्यम केंद्र आणि शेती सल्ला कार्यालय एकाच इमारतीत आणायचं हे कोणाला सुचेल? ज्यांना पुढची वीस वर्षं वीजबिल भरायचंय त्यांना. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने गावातल्या १३ इमारतींचा हिशेब मांडला, तर वर्षाला सुमारे दोन लाख डॉलरची ऊर्जा-बचत निघाली. आठशेपेक्षा कमी लोकांच्या गावात हा आकडा म्हणजे चैन नव्हे.

आक्षेप दोन: "कोणीतरी करिष्मा असलेला नेता असणार. असा माणूस प्रत्येक गावाला कुठून आणायचा?"

हा आपला राष्ट्रीय आजार आहे. कुठलीही चांगली गोष्ट दिसली की आपण आधी तिच्यातला हिरो शोधतो, कारण हिरो सापडला की आपली सुटका होते. ग्रीन्सबर्गमध्ये एका वर्षात तीन नगराध्यक्ष झाले. ज्यांनी पहिल्या काही दिवसांत हिरव्या गावाची कल्पना बोलून दाखवली ते लॉनी मॅकॉलम त्याच महिन्यात पायउतार झाले. मग जॉन जॅन्सन आले, मग २००८च्या निवडणुकीत बॉब डिक्सन. हे डिक्सन म्हणजे गावचे निवृत्त पोस्टमास्तर. तीन माणसं बदलली, कल्पना टिकली. आपल्याकडे प्रोजेक्ट मॅनेजर बदलला की दोन महिन्यांत प्रोजेक्टची वाट लागते, हे लक्षात घ्या.

आणि ही कल्पना पचायला सोपीही नव्हती. हा भाग कट्टर रिपब्लिकन. तिथे 'ग्रीन' म्हटलं की पुष्कळांना कॅलिफोर्नियातले नाजूक लोक आठवतात. त्यांना पटवलं कसं? कार्बन फूटप्रिंटची पीपीटी दाखवून नव्हे. तुमचे आजोबा वाऱ्यावर चाक फिरवून पाणी उपसायचे, घर ऊन-वारा बघून बांधायचे, काही वाया घालवायचे नाहीत, मग आपण वेगळं काय करतोय? असा तो मुद्दा मांडला गेला. असं बोलणं बाहेरच्या कन्सल्टंटला जमत नाही, त्याला गावातलाच माणूस लागतो. आर्किटेक्ट कॅन्सस सिटीहून आले, तज्ज्ञ सरकारी प्रयोगशाळेतून आले, टीव्हीवाले आले, लिओनार्डो डिकॅप्रिओने मालिका काढली. तीन वर्षांत टीव्हीची मालिका संपली. सभा चालूच राहिल्या.

आक्षेप तीन, सर्वांत जड: "एवढं करून लोकसंख्या निम्मी झाली ना? मग यश कसलं?"

झाली. २०१०मध्ये ७७७, २०२०मध्ये ७४०. यावर मी काही गुळगुळीत बोलणार नाही. टोर्नेडोपूर्वी गावात जुनी, स्वस्त घरं होती. म्हातारी माणसं आणि भाडेकरू त्यांत राहायचे. जुन्या घराच्या विम्यात नवं घर होत नाही. त्यातले पुष्कळ परत आले नाहीत. प्लॅटिनमची पाटी लावून ते दुःख झाकता येत नाही. मी गेलो त्या शनिवारीही रस्ते रिकामेच होते. विहिरीच्या संग्रहालयात मी आणि एक आजी-आजोबा, एवढेच. गोल जिन्याने विहिरीत उतरताना मलाही वाटलं होतं, हे सगळं कोणासाठी?

बाहेर आलो आणि शाळेवरून गेलो. मैदानावर पोरं खेळत होती, कडेला पालक घड्या घालायच्या खुर्च्या टाकून बसले होते. वाटेत मी जी गावं ओलांडून आलो होतो तिथे मला असं दृश्य दिसलं नव्हतं. ऑगस्ट २००७मध्ये, म्हणजे वादळानंतर तीन महिन्यांत, या लोकांनी शाळा ट्रेलरमध्ये सुरू केली होती. शाळा दुसऱ्या गावाला गेली की पोरांबरोबर घरं जातात, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पहिल्या दशकातली पडझड वादळाने केली. त्यानंतरच्या दहा वर्षांत गाव ३७ माणसांनी कमी झालं. घसरण थांबली नाही, पण गाव मेलंही नाही. अभ्याच्या मार्केटच्या हिशेबाने ते २००७च्या मे महिन्यातच संपायला हवं होतं.

लोकसंख्या हा आपण शहरवाल्यांनी लावलेला मापदंड आहे. आपल्याला वाढ सोडून दुसरं काही मोजता येत नाही, हेडकाउंट वाढला की आपण पार्टी करतो. गाव जिवंत आहे का हे बघायचं तर दुसरा प्रश्न विचारा: इथली माणसं एकत्र बसून एखादा अवघड निर्णय घेऊ शकतात का, आणि तो दहा वर्षं पाळू शकतात का?

हाच प्रश्न आता हिंजवडीतल्या आपल्या टॉवरला विचारा.

आमच्या सोसायटीत आयआयटीचे चार इंजिनिअर आहेत. एक जण सोलर कंपनीत मॅनेजर आहे. टोर्नेडो आलेला नाही, बँकेत सिंकिंग फंड पडून आहे, गच्ची रिकामी आहे, ऊन फुकट आहे. तीन वर्षं झाली. ज्या शहरातल्या कंपनीच्या पवनचक्क्या कॅन्ससला गेल्या त्या शहरात आम्हाला गच्चीवर पॅनल बसवता येत नाहीत, कारण ३१२ घरांतून २० माणसं रविवारी सकाळी खाली उतरत नाहीत. यंत्र विकत मिळतं हो. तंबूत येऊन शेजाऱ्याशी भांडायची चिकाटी अ‍ॅमेझॉनवर मिळत नाही.

आणि हेच आपण वर्षातून एकदा कंपनीचे टी-शर्ट घालून, एसी बसमधून खेड्यात जातो, पन्नास रोपं लावतो, फोटो काढतो आणि सरपंचांना 'कम्युनिटी पार्टिसिपेशन' समजावून सांगतो! मीही गेलोय. माझाही फोटो आहे. त्या सरपंचांनी आम्हाला चहा पाजला आणि एकदाही विचारलं नाही की बाबांनो, तुमच्या सोसायटीच्या सभेला किती जण असतात. सभ्य माणूस.

अभ्याला हे सगळं ऐकवल्यावर तो म्हणाला, "मग तू गेलास का सभेला?"

असो. सेक्रेटरींना मेसेज टाकलाय की सोलरसाठी विशेष सभा बोलवा. त्यांचं उत्तर आलं, "सह्या आणा." आजपासून ए विंगपासून सुरुवात करतोय. अभ्या सी विंगला राहतो, त्याची सही शेवटी घेईन.