आभाळाचा सातबारा कुणाच्या नावावर?

ऑगस्ट २०१९. औरंगाबादहून (आताचं छत्रपती संभाजीनगर) कृत्रिम पावसासाठी विमान उडत होतं. सरकारने ३० कोटींची तरतूद केली होती. आज विमान कुठं गेलं, कुठं सरी आल्या, एवढीच चार ओळींची बातमी मी रोज पाठवायचो. एका संध्याकाळी पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं, "आबा, काय वाटतं, विमानानं पाऊस पडेल का?"

ते म्हणाले, "पडंल की. पण साहेब, आमच्याकडं येणारा ढग त्यांनी आधीच पल्याडच्या तालुक्यात पाडला, तर आम्ही इचारायचं कुणाला?"

सगळे हसले. मीही हसलो. बातमीत हा प्रश्न घेतला नाही. आज वाटतं, बातमी तीच होती.

आधी शास्त्राची बाजू सांगतो. एका ठिकाणी ढगांवर फवारणी केल्याने शेजारचा पाऊस पळतो, हे ठोस सिद्ध झालेलं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर भागात प्रयोग केले. योग्य ढग मिळाले तर साधारण १०० चौरस किलोमीटर पट्ट्यात १८ टक्क्यांच्या आसपास जास्त पाऊस मिळाला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पण त्यासाठी आधी ढग तर हवा! कोरड्या आभाळातून कुठलंच विमान पाणी काढत नाही.

मग हे आज का लिहितोय? कारण आबांचा प्रश्न आता तालुक्यापुरता राहिलेला नाही. आता अख्ख्या पृथ्वीचं तापमान मुद्दाम खाली आणायची चर्चा जगात गंभीरपणे सुरू आहे.

१९९१ साली फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला. त्याचा गंधकाचा वायू उंच वातावरणात गेला, त्याचे बारीक कण झाले, त्यांनी ऊन परत फेकलं आणि पुढच्या वर्षभरात जगाचं तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं. तेच काम आपण विमानांनी करायचं, अशी ही कल्पना. ओझोनवरच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेले पॉल क्रुट्झन यांनी २००६ मध्ये यावर संशोधन व्हावं असं लिहिलं आणि दबक्या आवाजातली चर्चा उघड झाली.

पण पिनाटुबोची दुसरी बाजूही आहे. १९९२ मध्ये जगभरच्या जमिनीवरचा पाऊसही घटल्याचं अभ्यासकांना दिसलं. आपला मान्सून जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकावर चालतो. उन्हाला पडदा लावला तर त्याचं काय होईल, यावर संगणकी प्रारूपांचं एकमत नाही. युरोपात उन्हाळा सुसह्य झाला आणि इकडे मृग कोरडा गेला, तर?

इथे प्रश्न शास्त्राचा उरत नाही, नीतीचा होतो. आजवर दुष्काळ पडला की आपण नशिबाला, देवाला, फार तर सरकारला बोल लावला. कारखान्यांच्या आणि गाड्यांच्या धुराने हवामान बिघडलं हे खरं, पण पाऊस बिघडवायचा म्हणून कुणी धूर सोडला नव्हता. उद्या कुणी ठरवून आभाळाला हात लावला, की त्यानंतरच्या प्रत्येक दुष्काळाला एक आरोपी असेल. ढग पळवला नसेल तरी संशय असेल. आपल्याकडे पवनचक्क्या पाऊस पळवतात म्हणून लोक भांडले, ते आठवा. शास्त्रज्ञ नाही म्हणाले, तरी संशय गेला नाही. कारण लोकांना आधी कुणी विचारलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट वारसांची. हे कण वर्ष-दोन वर्षांत खाली येतात, म्हणून फवारणी सतत चालू ठेवावी लागते. तोवर खाली कार्बन साचत राहिला आणि मध्येच युद्ध झालं, पैसे संपले, तर दाबून ठेवलेली उष्णता थोड्याच वर्षांत उसळून येईल. म्हणजे नातवाच्या सातबाऱ्यावर आपण बोजा चढवायचा, आणि हप्ता चुकवायची मुभाही त्याला द्यायची नाही.

"दोन वाईटांतलं कमी वाईट निवडू" असं समर्थक म्हणतात. स्टीफन गार्डिनर या अमेरिकी तत्त्वज्ञाचं त्यावरचं म्हणणं मला पटतं. ही वेळ ज्यांनी स्वतः आणली, त्यांना नाइलाजाची सबब इतक्या सहज मिळू नये.

पण दुसरी बाजू न मांडणं अप्रामाणिकपणा होईल. मे महिन्यात भर उन्हात रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या बाईला कुणी सांगितलं, की अर्धा अंश कमी करता येतो पण आम्ही चर्चा करतोय, तर ती काय म्हणेल? काहीच न करणं हाही एक निर्णयच आहे, आणि त्याची किंमत तीच मोजते. म्हणून संशोधनावर सरसकट बंदी मला पटत नाही.

मला पटते ती अट. स्वीडनमध्ये २०२१ साली हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना फुग्याची फक्त चाचणी घ्यायची होती, कण सोडायचेही नव्हते. तिथल्या सामी आदिवासींच्या परिषदेने 'आम्हाला विचारलं का?' म्हणून हरकत घेतली. चाचणी रद्द झाली. २०२४ मध्ये तो प्रकल्पच गुंडाळला.

त्यांचा प्रश्न आणि आमच्या आबांचा प्रश्न एकच आहे. फरक एवढाच, की त्यांचा ऐकला गेला. आबांचा मी स्वतः बातमीतून गाळला.

म्हणून माझं मत साधं आहे. अभ्यास करा, निकाल उघड ठेवा. पण आभाळात काही सोडण्याआधी खालच्या माणसाला विचारा, आणि नुकसान झालं तर भरपाई कोण देणार हे आधी कागदावर आणा. आपण विहीर खोदतानाही शेजाऱ्याच्या बांधापासूनचं अंतर बघतो. आभाळाला तर बांधच नाही.

तुमचं मत खाली लिहा. विरोधी असलं तरी चालेल, फक्त शिव्या नकोत.