विश्लेषण : मूल होत नाही, तर आधी तपासणी कोणाची?

सातारा-सांगलीत लग्नाला दोन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की दवाखान्याची पायरी चढायची ती सुनेनेच. रक्ततपासणी, सोनोग्राफी, गर्भनलिकांची तपासणी, जोडीला नवस. नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा विषय निघतो तो अगदी शेवटी. प्रत्यक्षात सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडे एकमेव किंवा एक तरी कारण सापडते. ही तपासणी स्वस्त आहे, सुईही टोचावी लागत नाही. आड येतो तो मान.

अहवालातले आकडे कसे वाचायचे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत दर मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि ४२ टक्के हालचाल ही खालची मर्यादा दिली आहे. ही पास-नापासाची रेषा नव्हे. पत्नीला वर्षभरात दिवस गेले अशाच पुरुषांची मोजणी करून, त्यांतील तळाच्या ५ टक्क्यांवर ती आखली आहे. म्हणजे रेषेखालचेही बाप झालेच होते. शिवाय ही मोजणी १२ देशांतल्या साडेतीन हजारांहून अधिक पुरुषांची. त्यात चीन, इराण, इजिप्त आहेत, भारत नाही. प्रदेशाप्रमाणे हे आकडे बदलतात, तेव्हा कवठेमहांकाळच्या तरुणाला याच पट्टीने मोजताना डॉक्टरांनी हे सांगायला हवे.

कामधंद्याचा संबंध असतो का?

असतो. वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. विटा-खानापूर भागातून देशभर गेलेले गलाई कारागीर दिवसभर भट्टीपुढे बसतात. उष्णता आणि शिशासारखे धातू शुक्राणूंना बाधतात, हे सिद्ध झालेले आहे.

द्राक्षपट्ट्याने १९७७ ची एक गोष्ट लक्षात ठेवावी. कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉपच्या कारखान्यात डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक तयार होत असे. ‘आपल्यापैकी कोणालाच मुले का होत नाहीत?’ अशी कुजबुज आधी कामगारांतच सुरू झाली. तपासणीत अनेकांचे शुक्राणू नगण्य किंवा शून्य निघाले. तासगावच्या बागेत मारले जाणारे प्रत्येक औषध तसे असते, असे नव्हे. पण ब्लोअर चालवताना मास्क-हातमोजे न वापरणाऱ्याने आणि औषधाचे कपडे घरच्या धुण्यात टाकणाऱ्याने हे वाचावे.

जिममध्ये शरीर फुगवण्यासाठी घेतलेले टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन तर शुक्राणूनिर्मितीच थांबवते. मर्दानगीच्या नावाने विकले जाणारे हे औषध बाप होण्याच्याच मुळावर येते!

मग करायचे काय?

दोन ते सात दिवस संयम पाळून नमुना द्यावा. दोष दिसला तर पुन्हा तपासावे; एका अहवालावर निष्कर्ष काढू नये, तापानेही आकडे घसरतात. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. त्यामुळे तंबाखू सोडल्याचा किंवा इंजेक्शन बंद केल्याचा परिणाम लगेच दिसत नाही, कधी कधी वर्षही जाते. शुक्राणू शून्य आले तर गाठायचे ते मूत्ररोगतज्ज्ञाला, पुडीवाल्याला नव्हे.