डोस दिला, लाळेचे काय?

थायरॉईडचा कर्करोग बहुतेक रुग्णांत बरा होतो. शस्त्रक्रियेनंतर गळ्यात उरलेल्या पेशी किरणोत्सारी आयोडीन मारते. परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली स्थापन झाले. या औषधातील आयोडीन-१३१ आपल्याच देशात, तुर्भ्याच्या अणुभट्टीत तयार होते. उपचार चांगलाच आहे. पण त्याची दुसरी बाजू रुग्णाला कोणी सांगत नसेल, तर आम्हाला बोलावे लागेल.

थायरॉईड ज्या मार्गाने आयोडीन ओढून घेते, तोच मार्ग लाळग्रंथींतही असतो. त्यामुळे कानाखालच्या आणि जबड्याखालच्या ग्रंथी होरपळतात. लाळ घट्ट होते, नळ्या अरुंद होतात, जेवायला बसले की गाल सुजतो, तोंड कोरडे पडते, चव जाते आणि मागाहून दात किडतात. हे कधी डोसानंतर लगेच, तर कधी काही महिन्यांनी सुरू होते. डोस मोठा किंवा पुन्हा पुन्हा दिलेला असेल, तर धोका वाढतो. तोवर रुग्ण पंढरपूर तालुक्यातल्या करकंबला घरी परतलेला असतो. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी हे ज्याचे रोजचे जेवण, त्याला लाळ नसणे म्हणजे काय, हे शहरातल्या वॉर्डात बसून कळायचे नाही! गावातल्या डॉक्टरला डोसाची माहिती नसेल तर तो सूज पाहून गालगुंड म्हणेल, त्यात त्याचा काय दोष?

कायदा काय सांगतो? समीरा कोहली प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की संमती घेण्यापूर्वी रुग्णाला उपचाराचे स्वरूप, फायदे, पर्याय आणि ठळक धोके समजतील असे सांगितले पाहिजेत. दूरचे, केवळ कल्पनेतले धोके सांगण्याची सक्ती नाही, असेही न्यायालय म्हणाले. ही पळवाट इथे चालणार नाही. लाळग्रंथींचा त्रास हा या उपचाराचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेऊन तो सांगितल्यासारखे होत नाही.

डोसाचा आकडाही विचारलाच पाहिजे. कमी धोक्याच्या रुग्णांत उरलेली ग्रंथी नष्ट करायला ३० मिलिक्युरीचा डोस १०० मिलिक्युरीइतकाच उपयोगी पडतो, असे ब्रिटन आणि फ्रान्समधील दोन चाचण्यांत २०१२ साली दिसले. अशा काही रुग्णांना डोस न देता नुसते लक्ष ठेवले तरी चालते, असे फ्रान्समध्येच २०२२ साली दिसून आले. सर्वांना हे लागू नाही. पसरलेल्या आजारात मोठा डोस लागतोच. निर्णय डॉक्टरांचा, पण प्रश्न विचारण्याचा हक्क रुग्णाचा.

त्रास झालाच तर उपाय आहेत. भरपूर पाणी प्यावे, गाल शेकावा, कानाकडून तोंडाकडे हलक्या हाताने ग्रंथी चोळावी. लिंबू, आंबट गोळी चघळल्याने लाळ सुटते; मात्र डोसानंतरच्या पहिल्या दिवशी आंबट घ्यावे की नाही यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, म्हणून तिथल्या डॉक्टरांचेच ऐकावे. पायलोकार्पिन नावाची गोळी लाळ वाढवते, परंतु दमा किंवा काचबिंदू असणाऱ्याने ती मनाने घेऊ नये. नळी तुंबली असेल तर केसासारख्या बारीक दुर्बिणीने ती धुऊन मोकळी करता येते. हे काम कान-नाक-घसा तज्ज्ञाचे. दातांसाठी फ्लोराईडची पेस्ट वापरावी आणि डोसाआधीच दंतवैद्याला दाखवावे. मिशरी लावणाऱ्या आमच्या आयाबहिणींनी ती आता तरी सोडावी. कोरड्या तोंडात तंबाखू दुप्पट घात करते. सुजेबरोबर ताप आला किंवा तोंडात पू येऊ लागला, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर डोसाचा आकडा, तारीख आणि लाळग्रंथींच्या त्रासाची लक्षणे मराठीत छापलेली असावीत. करकंबच्या सरकारी दवाखान्यात रुग्ण ते कार्ड टेबलावर ठेवेल, तेव्हा समोरच्या डॉक्टरला पुढे कोणाकडे पाठवायचे ते समजले पाहिजे.