दोष एकट्या संशोधकांचा नाही


बोगस शोधनिबंधांचा सारा दोष संशोधकांच्या हव्यासावर ढकलणारं गेल्या अंकातलं पत्र मला पटलं नाही. आमच्या बंगळुरूच्या ‘करंट सायन्स’ने मार्च २०१८ मध्ये पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांचा लेख छापला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) तेव्हाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीतली, विद्यापीठांनीच सुचवलेली १००९ नियतकालिकं त्यांनी तपासली. निकषांना उतरली जेमतेम ११२! बाकीच्यांत कुठे पत्ता नाही, कुठे संपादकांची नावं नाहीत, कुठे आयएसएसएन क्रमांकच चुकीचा. असली नियतकालिकं सुचवणाऱ्यांना जाब कोण विचारणार? पीएचडी करणाऱ्या माझ्या भाचीला ‘तीन दिवसांत स्वीकृती, आधी पैसे भरा’ अशी मेल आली, तेव्हा तिला सावध करायला विभागातलं कुणीही पुढे आलं नाही. परीक्षकांना न दाखवता निबंध छापणारा संपादक मला लेखकाहून अधिक दोषी वाटतो.

— एक वाचक, मल्लेश्वरम, बंगळुरू