हळद उतरली नव्हती का?

लग्नाचा अल्बम उघडल्यावर नवरीच्या आजीने चष्मा काढला, पदराला पुसला, परत घातला आणि विचारलं, "हिची हळद नीट उतरली नव्हती का त्या दिवशी?" खोलीत सगळे हसले. माझी भाची तेवढी हसली नाही, कारण फोटो तिने काढले होते.

भाची बडोद्याला राहते. तीन वर्षांपासून लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं यांचे फोटो काढते. त्या अल्बममध्ये सगळे चेहरे नारिंगी आले होते आणि शालूचा लाल इतका भडक, की जरीचं काम दिसेना. अख्खा अल्बम तिला पदरच्या पैशांनी पुन्हा छापून द्यावा लागला. रात्री मला फोन आला. "मावशी, शपथ सांगते, माझ्या लॅपटॉपवर फोटो अगदी बरोबर दिसतायत गं!"

खरंच बरोबर दिसत होते. तिच्या सहा वर्षांच्या लॅपटॉपचा मॉडेल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून आम्ही पूर्ण माहिती काढली. स्क्रीनच्या पुढे लिहिलं होतं, ४५ टक्के एनटीएससी. हा शब्द लक्षात ठेवा, कारण तो दुकानातल्या पाटीवर सहसा नसतो. एनटीएससी हे अमेरिकेत १९५३ साली ठरलेलं रंगीत टीव्हीचं जुनं माप. आज मोबाइल, इंटरनेट आणि बहुतेक फोटो लॅब जे माप धरून चालतात ते एसआरजीबी, ते १९९६ मधलं. जी स्क्रीन पूर्ण एसआरजीबी दाखवते ती एनटीएससीच्या मापात साधारण ७२ टक्के भरते. म्हणजे ४५ टक्क्यांची स्क्रीन लागणाऱ्या रंगांपैकी जेमतेम ६२-६३ टक्के दाखवते. त्यात सगळ्यात जास्त मार बसतो लालला.

आता विचार करा. लाल शालू स्क्रीनवर फिका, विटकरी दिसतोय. भाची काय करणार? रंग वाढवणार. डोळ्यांना बरं दिसेपर्यंत वाढवत राहणार. फाइलमध्ये रंग खरोखर वाढलेला असतो, तिला फक्त दिसत नसतो. लॅबच्या मशीनला तो दिसतो. "फोनवर भडक दिसत होते," ती म्हणाली, "पण मला वाटलं, फोनच भडक दाखवतो."

तर नवा लॅपटॉप घ्यायचं ठरलं. बँकेतली दोन वर्षांची आरडी नुकतीच संपली होती, हातात ७५,००० रुपये होते. हे पैसे खरं तर नवीन लेन्ससाठी होते, त्यामुळे चूक परवडणारी नव्हती. सयाजीगंजमधल्या दुकानदाराने ऐकल्याबरोबर सांगितलं, "बेन, गेमिंगवाला ले लो, सबसे फास्ट." कीबोर्डखाली लाल दिवे, वेगळं ग्राफिक्स कार्ड, १४४ हर्ट्झची स्क्रीन. भाचीचा भाऊ तर प्रेमातच पडला. मी फोनवरून मॉडेल नंबर विचारला आणि शोधला. स्क्रीन ४५ टक्के एनटीएससी! १४४ हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा ताजी होते ते; रंगांशी त्याचा काही संबंध नाही. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये बचत बऱ्याचदा स्क्रीनवरच केलेली असते. आरडी मोडून तिने तोच आजार पुन्हा विकत घेतला असता, फक्त जास्त वेगाने.

म्हणून माझा आग्रह असा, की फोटोंच्या कामासाठी लॅपटॉप घेताना आधी स्क्रीन ठरवा, मग बाकीचं. आयपीएस किंवा ओलेड पॅनेल, १०० टक्के एसआरजीबी, ३०० निट्स किंवा जास्त उजेड. यापुढे अडोबी आरजीबी, पी३ वगैरे नावं येतील. ती चांगलीच आहेत, पण तुमची लॅब एसआरजीबी जेपेग मागत असेल तर त्यासाठी २०,००० जास्त मोजू नका. ओलेड घेतलात तर एक जपा. त्यावर रंग मुळातच इतके गडद दिसतात की माणूस उलटी चूक करतो, रंग कमी करून फिके फोटो छापून आणतो. सेटिंगमध्ये एसआरजीबी मोड आहे का, ते आधी विचारा.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हमध्ये स्वतःचे पाच-सहा फोटो आणि त्यांचे छापील प्रिंट सोबत न्या. दुकानातला डेमो व्हिडिओ पाहू नका, तो कुठल्याही स्क्रीनवर सुंदरच दिसतो. भाचीने हळदीचा एक, लाल शालूचा एक, काळ्या शेरवानीचा एक आणि संध्याकाळच्या आकाशाचा एक असे फोटो नेले. शेरवानीच्या घड्या दिसतात का, आकाशात रंगांचे पट्टे पडतात का, मान डावी-उजवीकडे केल्यावर चेहऱ्याचा रंग बदलतो का, हे तिने पाच लॅपटॉपवर पाहिलं. दुकानदार आधी वैतागला, मग स्वतःच चौथ्या लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाला, "इसमें सही है."

रॅमचं थोडक्यात सांगते. १६ जीबीपेक्षा कमी नको, आणि ती वाढवायला रिकामा स्लॉट आहे का हे विचाराच. हल्ली बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते. ८ घेतली की जन्मभर ८. प्रोसेसर चालू पिढीतला मधल्या दर्जाचा पुरतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं तरी साधं एडिटिंग अडत नाही. पण अंधाऱ्या हॉलमधल्या फोटोंचा दाणेदारपणा एआयने काढायचा असेल, जसं लाइटरूममध्ये २०२३ पासून करता येतं, तर एकेका फोटोला बराच वेळ लागेल. भाची असे फोटो लग्नामागे वीस-पंचवीसच करते, ते रात्री लावून झोपते.

जागेचा हिशोब मात्र कागदावर करा. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाइल सरासरी ३० एमबी धरली, तर लग्नाच्या २,००० फोटोंना ६० जीबी लागतात. ५१२ जीबीच्या एसएसडीत विंडोजला दिसतात सुमारे ४७६, त्यातून विंडोज आणि सॉफ्टवेअर वजा करा. म्हणजे एका सीझनला पुरणार नाही. तेव्हा दोन बाहेरच्या हार्ड डिस्क हव्यातच, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. भाचीची दुसरी डिस्क दांडिया बाजारात तिच्या आत्याकडे असते, लोणच्याच्या बरण्यांच्या कपाटात.

तुमचा जुना लॅपटॉप नीट चालत असेल आणि काम घरी बसूनच होत असेल, तर मी लॅपटॉप घ्याच असं म्हणणार नाही. १०० टक्क्यांच्या जवळपास एसआरजीबी दाखवणारा २४ इंची आयपीएस मॉनिटर पंधरा हजारांच्या आसपास मिळतो, तो जोडा. भाचीला हॉलवरच फोटो निवडून द्यावे लागतात, म्हणून तिचा नाइलाज होता. तिने घेतला तो चौथा, बिलासकट ७१,०००. जीएसटी नोंदणी असलेल्यांनी बिल धंद्याच्या नावाने आणि नंबरासह घ्यावं, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळू शकतं. तिची नोंदणी नाही.

आणल्यावर पहिल्याच दिवशी तिची तक्रार आली, "मावशी, प्रिंट अजून काळपट येतायत." ब्राइटनेस पूर्ण ठेवला होता! चकचकीत उजेडात फोटो पाहिला की तो पुरेसा उजळ वाटतो आणि कागदावर मात्र अंधारा येतो. स्क्रीनवर रिकामं पांढरं पान उघडायचं, शेजारी कोरा कागद धरायचा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणायचा. नाइट लाइट बंद. खरं कॅलिब्रेशन करणारं छोटं यंत्र महाग आहे, म्हणून तिने आणि दोन मैत्रिणींनी मिळून एक घेतलं. दर महिन्याला ते तिघींच्या घरी फिरतं.

मागच्या आठवड्यात त्याच आजीच्या धाकट्या नातीच्या साखरपुड्याचं काम तिच्याकडे आलं. जुना लॅपटॉप आता तिचे बाबा सोसायटीच्या हिशोबाला वापरतात. स्क्रीन उत्तम आहे म्हणतात.